केग वापरून आठ महिने: रेग्युलेटर बिचारा निर्दोष निघाला

घरी बनवलेली बिअर भरायच्या बाटल्या धुण्याचा कंटाळा आला म्हणून केग, म्हणजे दाब सोसणारी बिअरची टाकी घेतली. 19 लिटरचा बॉल लॉक (नळ्या खटकन बसवायच्या जोडांचा) केग, गॅसचा दाब ठरवणारा दोन डायलचा रेग्युलेटर (एक डायल सिलिंडरमधला मोठा दाब दाखवते, दुसरी केगकडे जाणारा), कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर आणि हातात धरून दाबायची प्लॅस्टिकची तोटी. आठ महिन्यांत सात बॅचेस काढल्या. बाटल्या सुटल्या हे खरं, पण पहिले तीन महिने बिअर कमी आणि फेसच जास्त प्यायलो.

पहिल्या वेळी घाई नडली. बिअरमध्ये गॅस मुरावा म्हणून फ्रिजमध्ये 4 अंशांवर 12 पीएसआय (दाबाचं एकक) लावून आठ-दहा दिवस हात लावायचा नसतो. मला कुठला दम निघतोय! दाब 30 वर नेला आणि केग मांडीवर घेऊन घुसळला. अशाने गॅस झपाट्याने शिरतो, पण किती शिरला याचा पत्ता लागत नाही. तोटी दाबली तर ग्लासभर पांढरंशुभ्र. मग नॉब उलटा फिरवून दाब 5 वर आणायला गेलो, तर काटा ढिम्म हलेना. रेग्युलेटर बिघडला असं ठरवून मी दुसरा आणला. त्याचाही काटा तिथेच!

साधी गोष्ट होती. नॉब उलटा फिरवला की नवा गॅस आत जायचा थांबतो, पण केगमध्ये कोंडलेला गॅस त्याने बाहेर येत नाही. तो झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून सोडावा लागतो. एकदा सोडूनही भागत नाही, कारण बिअरमध्ये मुरलेला गॅस हळूहळू वर येतो आणि दाब पुन्हा चढतो. गॅसची नळी काढून दिवसभर दर दोन-तीन तासांनी कडी ओढली, तेव्हा कुठे ती बॅच माणसात आली.

तरीही थोडा फेस उरलाच. त्याला कारण सेटबरोबर आलेली जेमतेम मीटरभर लांबीची नळी. 12 पीएसआयचा जोर वाटेतच जिरायला हवा, नाहीतर बिअर तोटीतून उसळते. आतून 5 मिलिमीटरची, तीन मीटर लांब नळी लावली आणि त्याच दाबावर बिअर निमूट ग्लासात उतरू लागली. पहिला ग्लास अजून थोडा फेसाळतो, कारण नळीतली बिअर केगच्या तळातल्या बिअरपेक्षा गरम असते. तेवढं मी चालवून घेतो.

खरा छळ गळतीने केला. भरलेलं सिलिंडर पंधरा दिवसांत रिकामं झालं. मोठ्या दाबाच्या डायलवर मी भाबडेपणाने विसंबलो होतो. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणे एकाच जागी राहतो आणि द्रव संपला की धाडकन खाली येतो. आता मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतो. रिकाम्याचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं.

गळती शोधतानाही फसलो. रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, सकाळी काटा 12 वरून 4 वर! सगळे जोड खोलून पुन्हा बसवले. पण केगमध्ये ताजी बिअर होती आणि तीच गॅस पीत होती. ही तपासणी रिकाम्या केगवर करावी. तशी केली, 30 पीएसआय देऊन साबणाचं पाणी लावलं, तर एकही बुडबुडा नाही. दोन आठवडे मी चक्रावून गेलो होतो.

शेवटी 5 पीएसआयवर पाणी लावून पाहिलं आणि झाकणाच्या एका कोपऱ्यातून बारीक फेस यायला लागला. केगचं झाकण आतून दाबलं जातं. जास्त दाबावर ते घट्ट बसतं, कमी दाबावर तिथूनच गळतं. म्हणजे मी जितक्या जोरात तपासत होतो तितकी गळती लपत होती. झाकणाला जरा जाड, मऊ सिलिकॉनची ओ-रिंग (फट बंद करणारं गोल कडं) घातली, तिला खाण्याच्या वस्तूंना चालणारं ग्रीस लावलं. आता दर बॅचला आधी 30 देऊन झाकण बसवतो, मगच दाब उतरवतो. सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला वायसरही प्रत्येक रिफिलला बदलतो. आणि हो, सिलिंडर बंद खोलीत ठेवू नका. या गॅसला वास नाही, तो हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो.

आजचा हिशेब सांगायचा तर केग उत्तम आणि तोटी टाकाऊ. तिच्या खटक्यातून थेंब थेंब गळतं. एक सिलिंडर आता तीन बॅचेस सहज पुरतं. बिघडला म्हणून काढलेला पहिला रेग्युलेटर मी परत बसवलाय, आणि हौसेने आणलेला दुसरा खोक्यात पडून आहे.