आठ पदरी पॉलिएस्टरचे दोर आणि नायलॉनच्या टेल: मुंबईच्या उघड्या धक्क्यावर अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

मे महिन्यात बार्जवरचे पॉलिप्रॉपिलीनचे सगळे दोर उतरवले आणि ४० मिलिमीटरचे आठ पदरी पॉलिएस्टर चढवले. प्रत्येकाला ११ मीटरची नायलॉनची टेल, म्हणजे झटका पचवणारा टोकाचा लवचिक तुकडा, जोडली. आता पाऊस सरलाय आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम तोंडावर आहे, म्हणून अनुभव लिहितो. बार्ज ४५ मीटरची. धक्का पूर्व किनाऱ्यावरचा, उघडा. इंदिरा गोदीसारखं पाणी अडवणारं गेट नाही, त्यामुळे उधाणाला पाणी साडेचार मीटर, कधी त्याहूनही जास्त चढतं-उतरतं. ज्यांची बोट गेटाच्या आत असते त्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

या दोरांनी चक्रीवादळ अजून पाहिलेलं नाही. पावसाळी झोत, उधाणं आणि शेजारून जाणाऱ्या टगच्या (ओढणाऱ्या बोटींच्या) लाटा मात्र भरपूर सोसल्या. तेवढ्यावर आमचं मत असं: दोर उत्तम आहे, पण वादळासाठी फक्त जाडी वाढवायची म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. मुंबईत दोर तुटतो तो आखूड बांधल्यामुळे आणि घासल्यामुळे.

हिशोब करून बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ५० किलोमीटरला उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा दाब येतो, १०० किलोमीटरला तोच ४८ किलो होतो. आमच्या बार्जची वाऱ्याला लागणारी बाजू सुमारे १८० चौरस मीटर आहे, म्हणजे १०० किलोमीटरच्या वाऱ्यात साडेआठ-नऊ टनांचा रेटा. ४० मिलिमीटरचा एक पॉलिएस्टर दोर साधारण २५ टनांना तुटतो (आपल्या कॉइलच्या सर्टिफिकेटवरचा आकडाच धरावा). सहा दोर लावलेत तर कागदावर सगळं निर्धास्त. तरी दर वादळात दोर तुटतातच, कारण तो रेटा सहा दोरांवर कधीच सारखा वाटला जात नाही.

आता भरती-ओहोटी धरा. ब्रेस्ट दोर (बार्जला धक्क्याशी काटकोनात धरणारा) बिटपासून (डेकवरचे दोर बांधायचे खांब) बोलार्डपर्यंत (धक्क्यावरचा खुंट) आडवा ६ मीटर आहे आणि भरतीला ताठ बांधलाय. पाणी साडेचार मीटर उतरलं की त्याच दोराला ७.५ मीटर लांबी लागते, म्हणजे २५ टक्के जास्त. पॉलिएस्टर तुटेपर्यंत जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास ताणतो. माणूस हजर नसेल तर बार्ज दोरावर लटकते, मग एकतर दोर जातो नाहीतर बिट उपटतो. तोच दोर २५ मीटर लांब नेला तर त्याच ओहोटीला ४० सेंटिमीटरच जास्त लागतात, दोन टक्केसुद्धा नाही. म्हणून हेड (पुढे जाणारा), स्टर्न (मागे जाणारा) आणि स्प्रिंग (बार्जच्या बाजूने तिरका जाणारा) हे दोर जितके लांब नेता येतील तितके न्यावेत. ब्रेस्टला जागा नसते, तिथे एक जुनी युक्ती कामाला येते: दोर धक्क्याकडच्या बिटवर न घेता डेक ओलांडून पाण्याकडच्या बिटवर घ्यायचा. आमच्या बार्जची रुंदी १२ मीटर, त्यामुळे ६ चे १८ मीटर झाले आणि ओहोटीची वाढ तीन टक्क्यांवर आली. याची किंमत अशी की डेकवर दोर आडवा येतो. तो तुटला तर त्याच्या रेषेतला माणूस वाचत नाही, म्हणून तेवढा पट्टा पिवळ्या रंगाने आखून बंद ठेवलाय. अशा वाऱ्यात खलाशाला तिथून जाऊ देऊ नका, कितीही घाई असो.

पॉलिएस्टर ताठ असतो आणि झटका पचवत नाही, ते काम नायलॉनच्या टेलचं. नायलॉन भिजला की त्याची ताकद १० ते १५ टक्के कमी होते, म्हणून टेल मुख्य दोरापेक्षा निदान ३७ टक्के जास्त ताकदीची हवी. २५ टनांच्या दोराला ३४ टनांच्या वरची टेल, म्हणून आम्ही ४८ मिलिमीटरची घेतली. दोराएवढ्याच जाडीची टेल दुकानदार आनंदाने देईल, घेऊ नका.

टेलची खरी अडचण वापरात लक्षात येते. ती बोलार्डवर टाकायची म्हणून बनवलेली असते, पण मुंबईत ओहोटीला बार्ज धक्क्याच्या बरीच खाली जाते आणि टेल नेमकी धक्क्याच्या काँक्रीटच्या कडेवर दुमडते. जुलै संपता संपता एका टेलची कडेवर घासणारी बाजू केसाळ झाली होती. बोटांनी पदर उकलले तर आत राखाडी पूड: बाहेरून काँक्रीट खातंय आणि आतून बंदरातला गाळ. गाळाचे कण पदरात शिरले की दोर ताणला-सैलावला तशी आतून कानस चालते. तेव्हापासून रचना बदलली. बोलार्डला आधी पॉलिएस्टरचा ५ मीटरचा दुहेरी स्ट्रॉप (दोराचा आखूड तुकडा), तो कडेवरून खाली उतरतो. त्याला काऊ हिचने (फासात फास अडकवून) टेल, ती हवेत मोकळी. तिच्या पुढे मुख्य दोर. कडेवर येतो तो फक्त स्ट्रॉप, त्यावर विणलेल्या पॉलिएस्टरची बाही, आणि बाही दोन्ही टोकांना सुतळीने दोराला घट्ट शिवलेली. नुसती गुंडाळलेली बाही पहिल्याच रात्री घसरून भलतीकडे जाते.

नायलॉनवर रबरी किंवा पीव्हीसीचा पाइप चढवू नका, हे ठासून सांगतो. धक्क्यावर हा प्रकार सर्रास दिसतो. नायलॉन सतत ताणला-सैलावला की आतून तापतो, आणि पाइपमुळे पावसाचं पाणी आत जात नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा दोर पाइपच्या आत वितळून तुटतो. विणलेल्या बाहीतून पाणी झिरपतं आणि दोर थंड राहतो.

जुन्या पॉलिप्रॉपिलीनशी तुलना करायची तर वजन ही पहिली तक्रार. २२० मीटरची ४० मिलिमीटरची पॉलिप्रॉपिलीनची कॉइल साधारण १५८ किलो, पॉलिएस्टरची २६५ च्या पुढे. शिवाय पॉलिप्रॉपिलीन तरंगतो आणि पॉलिएस्टर बुडतो, त्यामुळे दोर सोडताना ढिला पडला तर थेट पंख्यात जातो. टगच्या सारंगाला हे आधीच सांगून ठेवावं. पण उन्हाचं बघा. पॉलिप्रॉपिलीन एका उन्हाळ्यात वरून खडूसारखा होतो, पॉलिएस्टर अजून जसाच्या तसा आहे. जुना आणि नवा दोर एकाच दिशेला मिसळून मात्र लावू नये. ताठ दोर सगळा भार उचलतो आणि ढिला शेजारी नुसता बघत राहतो. पहिला तुटला की मग दुसरा.

नवा पॉलिएस्टर गुळगुळीत असतो, बिटवर सरकतो. आधी पुढच्या खांबाला दोन पूर्ण वेढे, मग आठाचे वेढे. असं केलं की दोर हाताच्या ताब्यात सोडता येतो. आय (दोराच्या टोकाचा फास) नेहमी स्प्लाइसचीच (पदर पुन्हा दोरात विणून केलेली) हवी, निदान पाच पूर्ण टक (विणीचे फेरे). बोलाइनची गाठ मारलीत तर एक तृतीयांशाहून जास्त ताकद गाठीतच गेली. आणि दोर चढवण्याआधी फेअरलीडवरचा (डेकच्या कडेला दोर जिथून बाहेर जातो ती जागा) गंज ग्राइंडरने काढून हात फिरवून बघा. हाताला खरवड लागली तर दोरालाही लागणार. धक्क्याच्या खांबांवरच्या कालवांचंही तसंच, स्प्रिंग त्यांना टेकता कामा नये.

वारा कुठून येणार, यावर कोणता दोर दुहेरी करायचा ते ठरतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं आणि मुंबईच्या दक्षिणेकडून, मग पूर्वेकडून पुढे गेलं. वादळाचं केंद्र दक्षिणेला असलं की मुंबईला वारा पूर्वेचा, पूर्वेला सरकलं की उत्तरेचा. १७ मे २०२१ ला तौक्ते पश्चिमेकडून समुद्रातून वर सरकलं. तशा वाटेवर वारा आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैऋत्येचा होत जातो आणि बंदराचं तोंड त्याच बाजूला उघडं आहे. पूर्वेकडे तोंड असलेल्या धक्क्यावर आग्नेयेचा वारा बार्जला धक्क्यावर दाबतो, तिथे फेंडर महत्त्वाचे. वारा पश्चिमेकडे वळला की तोच बार्जला धक्क्यापासून ओढून नेतो, तिथे ब्रेस्ट. म्हणून हवामान खात्याचा नकाशा आला की फक्त अंतर बघू नका, केंद्र आपल्या कोणत्या बाजूने जाणार ते बघा.

वेळही मोजून धरा. चक्रीवादळाचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी येतो, नारिंगी २४ तास आधी. स्ट्रॉप, बाह्या आणि जादा दोर पिवळ्यातच लावून टाकावेत. बंदरावर ३ नंबरचा बावटा चढला की फक्त ताण सारखे करण्याचं काम उरलेलं असावं. फेंडरचे टायर साखळीवर दोन पातळ्यांत टांगा. उधाणात वादळाचं फुगलेलं पाणी मिसळलं की डेक धक्क्याच्या वर जातो आणि एका रांगेतले टायर निरुपयोगी ठरतात. उलट ओहोटीला बार्जचा बेल्ट (कुशीवरची आडवी पट्टी) धक्क्याच्या कडेखाली शिरला, तर चढत्या पाण्यात तो तिथेच अडकतो आणि बार्ज कलते. रात्री दर तासाला टॉर्च मारून बेल्ट बघणारा एक माणूस हवाच.

हे सगळं धक्क्याला बांधलेल्या बोटीसाठी. नांगरावर असलेल्या बार्जला चांगले दोर उपयोगाचे नाहीत. तौक्तेत पी-३०५ या बार्जचे नांगर सुटले, ती भरकटली आणि बुडाली, ७० हून अधिक माणसं गेली. माणसांना वेळेत उतरवणं किंवा बोट वेळेत आत आणणं याला तिथे कुठलाही दोर पर्याय नाही.

पुढच्या मेच्या आधी आम्ही सगळे दोर उलटे फिरवणार आहोत, म्हणजे फेअरलीडवरची जागा बदलेल. टेल सगळ्या नव्या घेणार, दिसायला चांगल्या असल्या तरी. मुख्य दोरांचे पदर दर दहा मीटरवर उकलून बघायचे आणि जिथे पूड सापडेल तिथे कापून पुन्हा स्प्लाइस करायचं. एक अख्खी कॉइल न कापता कोरडी ठेवलीय, कारण पिवळा इशारा आला की दुकानात ४० चा दोर मिळत नाही.