माल्टातली प्रायव्हेट बोट, सीझनभर वापरल्यावर : आधी शिडी बघा, मग बाकीचं

डिपॉझिटमधून १२० युरो कापल्याचा बोटवाल्याचा ईमेल आला आणि म्हटलं आता हे सविस्तर लिहायचंच. कारण काय दिलंय, तर ‘पोहण्याची शिडी पाहुण्यांनी वाकवली’. मुळात वाकवायला शिडी असायला तर हवी! एक पायरी पाण्याच्या वर आणि दोन पाण्यात, याला आमच्याकडे शिडी म्हणत नाहीत. त्यावर येतोच.

आम्ही माल्टात राहतो. इथली चार मराठी घरं मिळून एप्रिलपासून जमेल तेव्हा कोमिनो-गोझो या शेजारच्या बेटांकडे प्रायव्हेट बोट घेत आलो, कधी अर्धा दिवस, कधी पूर्ण. बहुतेक वेळा एकाच बोटवाल्याकडून, कारण नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून दहा टक्के सोडतो. कोमिनोचं ब्लू लगून कसं दिसतं ते सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेलं आहे, त्यामुळे निळ्या पाण्याचं वर्णन माझ्याकडून मिळणार नाही.

पैशाचं आधी. जाहिरातीतल्या आकड्यात पेट्रोल धरलेलं नसतं. ‘फ्युएल एक्स्ट्रा’ असं खाली बारीक अक्षरात असतं आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. १५० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात पळवलं तर तासाला पन्नास लिटरच्या वर पेट्रोल पितं, जरा सबुरीने चालवलं तर साधारण निम्म्यावर येतं. आता गंमत बघा. स्लीमाहून कोमिनो समुद्रमार्गे वीस किलोमीटरच्या आसपास आहे. माल्टाच्या उत्तर टोकाला असलेल्या मार्फाच्या धक्क्यावरून जेमतेम तीन. म्हणजे स्लीमाहून निघालात तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरचं पेट्रोल तुमचं, आणि चार तासांच्या बुकिंगमधला तासाहून जास्त वेळ नुसता हॉटेलं बघण्यात गेला. वर लाटा तोंडावर आल्या की पोटातलंही बाहेर.

त्यापेक्षा २२२ नंबरची बस पकडावी आणि सरळ मार्फाजवळच्या चिर्केवाच्या बाजूला उतरावं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून इथल्या रहिवाशांना कार्डावर बस फुकट आहे. डबे, पाण्याच्या बाटल्या, लाइफजॅकेटं घालून बसलेली पोरं असा आमचा जथा सकाळी बसमध्ये चढला की लोक बघतात. बघू देत. दर खेपेला शंभरेक युरो वाचतात.

पेट्रोलवरून पहिली वादावादी मे महिन्यातच झाली. इथे पंपावर पेट्रोलचा भाव सरकारने कित्येक वर्षं १.३४ युरोवर धरून ठेवलाय. मार्फाहून अर्ध्या दिवसात इंजिन चालतं दीड तास, बाकी वेळ बोट नांगर टाकून उभी. चाळीस लिटर धरले तरी पंचावन्न युरोच्या आत हिशोब बसतो. याने सरसकट शंभर लावले. म्हणे बोटीचं पेट्रोल महाग पडतं. पडत असेल, पण दुप्पट? तेव्हापासून निघताना आणि आल्यावर टाकीच्या काट्याचा फोटो काढतो. त्याला ते आवडत नाही, पण आकडा सत्तरवर आला.

आता शिडी.

बोट बुक करताना लोक काय बघतात? स्पीकर आहे का, ताडपत्रीची सावली आहे का, पुढे लोळायला गादी आहे का, बर्फाची पेटी मिळते का. आम्हीही तेच बघत होतो. जूनमध्ये आई-बाबा आले आणि बोटीत बघण्यासारखी गोष्ट एकच आहे हे कळलं. बोटीतून समुद्रात जाणं सोपं असतं, उडी मारली की झालं. परत वर कसं यायचं याचं उत्तर म्हणजे ती शिडी, आणि ते उत्तर आमच्या बोटवाल्याकडे नव्हतं.

आई देवगडची. पाणी तिला नवीन नाही, लाइफजॅकेट घालून गोझोच्या दक्षिणेला होंडोकच्या खाडीत ती मस्त तासभर तरंगली. प्रश्न वर येताना आला. शिडी मागच्या बाजूला, इंजिनाला खेटून. पायऱ्या म्हणजे गोल, गुळगुळीत स्टीलच्या नळ्या, बोटभर जाडीच्या. शेवटची पायरी पाण्यात इतकी वर की गुडघा छातीपर्यंत आणल्याशिवाय पाय पोचत नाही. सहासष्टाव्या वर्षी, गुडघ्याचं दुखणं असताना, कोण आणणार छातीपर्यंत गुडघा? बरं, पाय ठेवून भार दिला की शिडी आत बोटीच्या पोटाखाली झुकते, माणूस पाठीवर उताणा. त्यात लाट आली की बोटीचा मागचा भाग वर जातो आणि हातातली नळी निसटते. वरून मेहुणा आणि स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, दंड धरून ओढतायत, खालून मी ढकलतोय, आणि आई शांतपणे म्हणाली, “माका हयच ऱ्हवांदे, तुमी जेवा.” शेवटी पोत्यासारखी ओढून घेतली. दंडावर आठवडाभर काळे-निळे वळ होते. वर आल्यावर पहिलं वाक्य : “पायऱ्यो करुक पैशे नाय होते काय रे मेल्यांका?”

अगदी बरोबर प्रश्न. मी घरी येऊन वाचलं. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा बोटींसाठी युरोपियन युनियनचा २०१३ चा नियम आहे, क्रमांक २०१३/५३. त्यात स्वच्छ लिहिलंय की पाण्यात पडलेल्या माणसाला कुणाच्याही मदतीशिवाय परत बोटीवर येता आलं पाहिजे, तशी सोय बोटीवर हवी. आमच्या बोटीची शिडी वर दुमडून पट्ट्याने बांधलेली असते. पाण्यातून हात लांबवून तो पट्टा सोडवता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. म्हणजे स्किपर झोपला असेल तर तुम्ही पाण्यातच. हे मी बोटवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही. तरुण पोरं मागच्या फळीवरून माकडासारखी चढतात, ती कशाला तक्रार करतील?

शिडीची खरी किंमत जेलीफिश आल्या की कळते. इथे जांभळट रंगाची एक छोटी जात आहे, पेलाजिया. वारा फिरला की थव्याने किनाऱ्याला लागते. एकाला चटका बसला की सगळ्यांनाच एकदम वर यायचं असतं, आणि शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोही मिनिटभर झटापट करणार. (चटका बसलेली जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. आणि चोळू नका.) आमच्याकडच्या एका पोराला तिथे थांबल्यामुळे दुसरा चटका बसला. वाकडी शिडी नडते ती अशी.

जूनपर्यंतचं माझं मत असं होतं की स्किपर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. माल्टात ३० हॉर्सपॉवरच्या आतल्या इंजिनाला लायसन लागत नाही, छोटी बोट स्वतः चालवायला घ्या, दीडशे-दोनशे युरो वाचवा, असं मी ओळखीत सगळ्यांना सांगत फिरत होतो. जुलैपासून सांगत नाही.

कारण वारा. आम्ही कोकणातली माणसं, समुद्र म्हटलं की आधी भरती-ओहोटी विचारणार. मालवणला दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, धक्क्याला बोट लागते की नाही तेच त्यावर ठरतं. इथे भरती-ओहोटीत वीतभर फरक, कुणी विचारतही नाही. सगळा कारभार वाऱ्याचा. वायव्येकडून येणारा मायिस्त्राल इथला नेहमीचा. तो सुटला की गोझोची पश्चिम बाजू, म्हणजे ड्वेयरा वगैरे, विसरायची आणि दक्षिणेच्या आडोशाला जायचं : होंडोक, इमजार इश-शिनी, कोमिनोची खालची बाजू. ईशान्येचा ग्रिगाल आला तर उलटं, कोमिनोची सांता मारियाची खाडी नुसती खळखळते. ॲपवर बाणाची दिशा बघून मलाही हे कळतं. पण माल्टा आणि कोमिनोमधल्या सामुद्रधुनीत तासाभरात पाणी कसं उठतं, आणि त्या वेळी मोठ्या फेरीबोटीच्या लाटेला बोट कशी तोंड करून घ्यायची, हे ॲप सांगत नाही. जुलैत एकदा आम्ही छोटी बोट स्वतः घेतली होती. बोटीवर एक छोटा पत्रा असतो, त्यावर सी किंवा डी असा वर्ग आणि माणसांचा आकडा असतो. डी म्हणजे आडोशाचं पाणी, चार फोर्सपर्यंतचा वारा (वाऱ्याचा जोर मोजायचं बोफर्ट माप) आणि फूटभर लाट. सी म्हणजे सहा फोर्स आणि दोन मीटरपर्यंत लाट. आमची डी होती. परतताना लाटा फुटाच्या कितीतरी वर होत्या आणि बायको एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काय ते समजायचं.

तेव्हा स्किपर घ्या. आमचा स्किपर, बोटवाल्याचा पुतण्या, माणूस सोन्यासारखा. सकाळी धक्क्यावर उभा राहून कुठे जायचं ते तिथल्या तिथे बदलतो, आणि खाली समुद्री गवत दिसलं की नांगर न टाकता पुढे वाळूवर नेऊन टाकतो. त्या गवताला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे, आणि नांगराने एकदा उपटलं की परत यायला खूप वर्षं लागतात हे त्याच्याचकडून कळलं. शिडीबद्दल तोही खासगीत म्हणाला की काकाला केव्हाचं सांगतोय.

काकाचा हिशोब वेगळाच. त्याच्या जाहिरातीत अजून ड्वेयराच्या अझूर विंडोचा फोटो आहे. ती दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. लोक तो फोटो बघून बुकिंग करतात आणि तिथे पोचल्यावर विचारतात, कुठे आहे? मी त्याला फोटो काढायला सांगितलं, तर म्हणाला फोटो चांगला आलाय.

ब्लू लगूनबद्दलही मत बदललं. मे ते ऑगस्ट दुपारी तिथे जाऊ नका. मोठ्या कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याच्या पर्यटक बोटी, अकराच्या सुमाराला माणसं ओतायला लागतात आणि चारपर्यंत पाणी कमी, डोकी जास्त. २०२५ पासून बेटावर उतरायला ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, फुकट आहे, पण घ्यावी लागते. आम्ही उतरतच नाही. बोटीतूनच पोहायचं आणि गर्दी वाढली की शेजारच्या क्रिस्टल लगूनमध्ये किंवा गुहांकडे सरकायचं. प्रायव्हेट बोटीचे पैसे वसूल होतात ते या सरकण्यात. सकाळी साडेआठला मार्फाहून निघालात तर नऊच्या आत ब्लू लगून जवळपास रिकामं मिळतं, आणि मग मात्र, कबूल, ते रील्सपेक्षा भारी आहे. वर १६१८ चा सांता मारियाचा बुरूज, खाली आपली सावली वाळूवर पडलेली दिसते इतकं नितळ पाणी.

आता ते १२० युरो. सप्टेंबरमध्ये आमच्यातला एक धष्टपुष्ट सभासद शिडीवर चढत असताना वरच्या बाजूचं वेल्डिंग सुटलं आणि शिडी एका अंगाला लोंबली. नशीब, तो पाण्यातच पडला, इंजिनावर नाही. बोटवाल्याने लगेच वजनावर बोट ठेवलं. पण निघण्याआधी बोटीचा कोपरान् कोपरा व्हिडिओत घ्यायची माझी सवय आहे. त्या सकाळच्या व्हिडिओत त्याच वेल्डिंगपाशी तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलसुद्धा जोडाच्या जागी गंजतं, ते काही आमच्या मित्राने एका दिवसात गंजवलेलं नाही. व्हिडिओ पाठवला, नियमाचा क्रमांक पाठवला. तीन ईमेलांनंतर साठ युरो परत आले, ‘संबंध टिकावेत म्हणून’. उरलेले साठ मी सोडलेले नाहीत. दहा टक्के सवलत मात्र त्याने बंद केली.

पुढच्या खेपेला गोझोच्या इमजार बंदरातून एकाची बोट घेतोय. थोडी जुनी आहे, स्पीकर नाही, गादीही विटलेली. पण चार रुंद चपट्या पायऱ्या, तीन पाण्याखाली, आणि दोरी ओढली की खालून उघडते. पंधरा युरो जास्त मागतोय. देणार.

कुणी विचारत असेल की कधी यावं, तर माझ्या मते सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा मध्य. पाणी तेव्हाही २३-२४ अंशांवर असतं, गर्दी ओसरलेली असते आणि भाव पडायला लागतात, घासाघीस करता येते. फक्त दुपारचं बुकिंग घेऊ नका, ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाला सूर्य मावळतो आणि शेवटचा तास नुसतं कुडकुडणं. रद्द करण्याची अट लेखी घ्या : वाऱ्यामुळे त्याने रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, की फक्त दुसरी तारीख? परत जाणाऱ्या पाहुण्यांना दुसरी तारीख काय कामाची? आणि डब्यात पिवळी बटाट्याची भाजी नेऊ नका. सगळ्यांच्या गाद्या पांढऱ्या असतात आणि हळदीच्या एका डागाचे आमच्याकडून चाळीस युरो घेतलेत. दहीभात, ठेपले, काकडी. चटणीही ओल्या नारळाची, पांढरी.