ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोकरी सांभाळून पदवीचे विषय पूर्णपणे ऑनलाइन शिकायला लागून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात स्वाध्याय, चाचण्या, गटकार्य आणि सत्रान्त परीक्षा असे सगळे प्रकार अनुभवून झाले, म्हणून या शिक्षणपद्धतीतला कोणता भाग विद्यार्थ्याच्या खरोखर उपयोगी पडतो, हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. अभ्यासक्रमाच्या पानावर सर्वांत ठळक जागा व्याख्यानांच्या व्हिडिओंना दिलेली असते. परंतु विषय समजण्याचे आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होण्याचे श्रेय मी सराव-प्रश्नांना, लेखी चर्चेला आणि तपासून आलेल्या स्वाध्यायांवरील शेऱ्यांना देईन.

व्हिडिओ वाईट असतात असे मुळीच नाही. थांबवण्याची, मागे नेण्याची, सोबतचा लिखित मजकूर वाचण्याची सोय वर्गातल्या व्याख्यानाला कधीच नसते, आणि एखादी अवघड सिद्धता हवी तितक्या वेळा ऐकता येणे ही फार मोठी गोष्ट आहे. अडचण वेगळीच आहे. चांगला प्राध्यापक इतक्या ओघाने समजावून सांगतो की ऐकणाऱ्याला ते आपल्यालाही येते असे वाटू लागते. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की पानावर हिरवी खूण उमटते, प्रगतीची पट्टी पुढे सरकते आणि मनाला समाधान मिळते. वास्तविक त्या खुणेचा अर्थ व्हिडिओ चालला एवढाच असतो. लक्ष किती वेळ टिकते याचाही विचार करायला हवा. एडएक्स या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले होते की, व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो सलग पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही. पाऊण तासाचे व्याख्यान एका बैठकीत संपवण्याचा आग्रह मी त्यामुळेच धरत नाही.

माझी पद्धत अशी आहे: एक मुद्दा पूर्ण होईपर्यंत व्याख्यान ऐकायचे, मग व्हिडिओ थांबवून खिडकी बंद करायची आणि कोऱ्या कागदावर, काहीही न पाहता, नुकतेच ऐकलेले आपल्या शब्दांत लिहायचे. त्यानंतरच लिखित मजकूर उघडून काय सुटले ते वेगळ्या रंगाने भरायचे. ही पद्धत पहिल्या काही दिवसांत फार संथ वाटते, कारण अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला तासभर सहज लागतो; पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हा वेळ व्याजासह परत मिळतो. यामागे ठोस कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, मात्र आठवड्यानंतर चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर राहिला होता, तर पुन्हा वाचणाऱ्यांच्या सुमारे ४२ टक्के. ऑनलाइन विद्यार्थ्याने हा निष्कर्ष विशेष मनावर घ्यावा, कारण त्याच्यासमोर ‘पुन्हा पाहा’ हे बटण सदैव हजर असते आणि तेच त्याला सोप्या, पण कमी फळ देणाऱ्या मार्गाकडे ओढत राहते.

याच कारणासाठी गुण नसलेल्या सराव-चाचण्या या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहेत, असे मी म्हणेन. ‘ऐच्छिक’ असे लिहिलेले असल्यामुळे त्या सहज मागे पडतात. मी प्रत्येक चाचणी तीन वेळा देते: घटक संपल्यावर, त्यानंतर काही दिवसांनी आणि पुन्हा पुढचा घटक अर्धा झाल्यावर. दुसऱ्या वेळी उत्तरे चुकतात तेव्हा निराश होण्याचे कारण नसते. नेमके काय निसटत आहे ते तेव्हाच कळते आणि पुढच्या बैठकीचा अभ्यास कुठून सुरू करायचा, हा प्रश्न सुटतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले होते की शिकलेल्यापैकी बराच भाग पहिल्या दिवसाच्या आतच विसरला जातो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी ठेवण्याचा आग्रह मी त्यावरूनच धरते.

आता वेळेविषयी. ऑनलाइन अभ्यासक्रम ‘आपल्या सोयीने’ करता येतो हे खरे असले, तरी त्याला लागणारा एकूण वेळ कमी होत नाही. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरलेले असते. त्या हिशेबाने पाच श्रेयांकांच्या विषयाला १२५ ते १५० तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला साधारण आठ ते दहा तास लागतात. नोंदणी करण्यापूर्वी प्रत्येकाने असा हिशेब मांडावा आणि हे तास आठवड्यातल्या कोणत्या वारी, किती वाजता मिळणार आहेत ते लिहून काढावे. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे उत्तर येत असेल, तर एक विषय कमी घेणेच शहाणपणाचे आहे. वर्गाला जाताना घरचे आणि कार्यालयातले लोक आपली अनुपस्थिती स्वीकारतात. पडद्यासमोर बसलेला माणूस मात्र सर्वांना उपलब्ध वाटतो. अभ्यासाच्या वेळा घरातल्यांना आधीच सांगून ठेवण्याचा मला फार उपयोग झाला आहे.

अंतिम तारखांच्या बाबतीत व्यासपीठाकडून येणाऱ्या स्मरणपत्रांवर विसंबून राहू नये. ती बहुधा आदल्या दिवशी येतात, आणि ज्या स्वाध्यायाला आठवडाभराचे वाचन लागते त्याच्यासाठी आदला दिवस म्हणजे फारच उशीर. सत्र सुरू होताच अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक पूर्ण वाचावे, प्रत्येक स्वाध्यायाची तारीख आणि गुणांतील वाटा स्वतःच्या दिनदर्शिकेत उतरवावा आणि काम सुरू करण्याची तारीखही तिथेच लिहावी. तारखेसोबत दिलेली वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे हेदेखील तपासावे. मूडलसारख्या, अभ्यासक्रम चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत स्वाध्यायाची फाइल अपलोड केली तरी, शिक्षकांनी तशी व्यवस्था ठेवली असल्यास, ‘सादर करा’ हे बटण दाबेपर्यंत ती मसुदा म्हणूनच राहते. सादर झाल्याची नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पान बंद करू नये.

चर्चामंचाकडे बहुतेक जण सहभागाच्या गुणांपुरते पाहतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्गात शंका विचारताना हातवाऱ्यांनी, अर्धवट वाक्यांनी काम भागते. इथे मात्र शंका पूर्ण लिहावी लागते. ‘हा घटक समजला नाही’ असे लिहिले की उत्तर म्हणून तोच घटक पुन्हा पाहण्याचा सल्ला मिळतो. याउलट, कोणत्या उदाहरणातील कोणत्या पायरीवर अडले, तिथपर्यंत आपण काय केले आणि आपल्याला कोणते उत्तर अपेक्षित होते, असे तीन-चार वाक्यांत लिहिले तर शिक्षकांकडून नेमके उत्तर येते, आणि कित्येकदा लिहिता लिहिताच शंका फिटते. इतरांच्या शंकांना उत्तरे देण्याचा लाभही तितकाच आहे. एखादी संकल्पना अनोळखी सहाध्यायाला लेखी समजावून सांगताना आपल्या आकलनातली फट कुठे आहे ते लगेच कळते.

तपासून आलेल्या स्वाध्यायात गुणांचा आकडा मोठा दिसतो आणि शेरे मात्र एखाद्या दुव्यामागे किंवा जोडलेल्या फाइलमध्ये असतात. तो दुवा उघडलाच पाहिजे. मी या शेऱ्यांची एक वेगळी वही ठेवली आहे आणि पुढचा स्वाध्याय लिहिण्यापूर्वी ती वही व गुणदानाचे निकष शेजारी ठेवून मसुदा तपासते. विधानाला आधार दिलेला नाही, निष्कर्ष प्रश्नाला धरून नाही, अशा प्रकारचे शेरे विषय बदलला तरी पुन्हा पुन्हा येत असतात.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. प्रयोगशाळेचे काम पडद्यावर शिकता येत नाही. सदृशीकरणातून, म्हणजे संगणकावरील आभासी प्रयोगातून, कृतीचा क्रम कळतो, हाताला सवय लागत नाही. गटकार्यात सहाध्यायांच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून पहिल्याच बैठकीत कामाची वाटणी लेखी करून प्रत्येकाची तारीख ठरवून घ्यावी लागते. एकटेपणाचा भार सत्राच्या मध्यावर सर्वांत जास्त जाणवतो. दोन सहाध्यायांसोबत दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बोलण्याचा परिपाठ ठेवल्यापासून मला तो पेलता येऊ लागला. कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेचा ताणही वेगळा असतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी दिलेली सराव-परीक्षा त्याच संगणकावर, त्याच खोलीत आणि त्याच इंटरनेट जोडणीवर आधी देऊन पाहावी. जोडणी तुटल्यास कोणाशी आणि कोणत्या क्रमांकावर संपर्क साधायचा, ते कागदावर लिहून समोर ठेवावे, कारण नेमक्या त्या क्षणी ती माहिती असलेले पान उघडत नाही.