जुन्या नाशकातला गल्ली वॉक: ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याच्याच तोंडून ऐकायचं

नाशिकचं नाव काढलं की बाहेरचे लोक मिसळ, वाईन आणि कुंभमेळा म्हणतात आणि आपणही पाहुणे आले की पंचवटी फिरवून मोकळे होतो. म्हणून हा रविवार सकाळचा वॉक मला फार आवडला. सरकारवाड्यापासून सुरू करून तिवंधा, तांबट आळी, गोदाघाट आणि शेवट काळाराम मंदिर. माणशी तीनशे रुपये, साधारण तीन तास. वॉक नेणारी पोरं सगळी इथल्याच गल्ल्यांतली आहेत, पण ती स्वतः कमी बोलतात, प्रत्येक ठिकाणी तिथे राहणाऱ्या माणसालाच बोलायला लावतात आणि हेच खरं वेगळेपण आहे.

तिवंधा चौकात एका काकांनी भर रस्त्यात पाय आपटला आणि म्हणाले, "इथं, माझ्या पायाखाली रहाड आहे." गाड्या चाललेल्या, भाजीवाली बसलेली आणि खाली पेशवाईपासूनचा दगडी हौद! वर्षभर लाकडी ओंडके टाकून वर माती घालून बुजवलेला असतो, फक्त रंगपंचमीला उघडतात. आपल्याकडे धुळवडीला नाही तर रंगपंचमीलाच खरा रंग, हे मुंबई-पुण्याच्या मंडळींना सांगावं लागतं. काकांनी सगळं सांगितलं, ओंडके कसे काढतात, हौद घासून पाणी कसं भरतात, फुलांचा रंग मोठ्या पातेल्यात उकळून कसा ओततात, मग पूजा झाली की धप्पा! धप्पा म्हणजे उंचावरून अशी उडी मारायची की पाणी उडून काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. तिवंध्याचा रंग पिवळा, शनि चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाज्याचा केशरी, त्यामुळे संध्याकाळी शर्ट बघून कळायचं कोण कुठे बुडून आलाय. हे सांगताना काकांचा आवाज चढला होता, लहानपणी वडिलांनी खांद्यावर घेऊन पहिला धप्पा मारला तेही सांगितलं. हे कुठल्या पाटीवर वाचायला मिळणार?

तांबट आळीत मात्र घाई झाली. एक तांबट काका हंड्यावर ठोके देत बोलत होते, ठोक्याच्या आवाजावरून पत्रा कुठे पातळ झालाय ते कळतं म्हणाले, अजून ऐकायचं होतं पण पुढे चला पुढे चला सुरू झालं.

घाटावर फुलं विकणाऱ्या मावशी भेटल्या. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, तर गंगेला पूर आला की नाशिककर कधी किती क्युसेक असं विचारत नाही, "मारुतीच्या कुठवर आलं?" एवढंच विचारतो. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कमरेपर्यंत पाणी म्हणजे बघायला गर्दी, गळ्यापर्यंत आलं की दुकानदार माल हलवायला लागतात, आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागलं तर महापूर. मावशींच्या सासूबाईंनी 1969 चा पूर बघितलेला, त्यांनी स्वतः 2008 चा, तेव्हा सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. टोपली उचलून कुठल्या पायरीवर पळाल्या ती पायरीसुद्धा दाखवली.

काळारामाजवळचा भाग सगळ्यात जड होता आणि तसाच असायला हवा. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड पुढे होते, पाच वर्षं लढा चालला. ज्यांचे आजोबा त्यात होते असे एक निवृत्त शिक्षक दरवाज्यापाशी उभं राहून बोलले, आजोबांना लागलेल्या दगडाची खूण कपाळावर कुठे होती ते बोटाने दाखवलं. कुणी फोटो काढला नाही तेव्हा.

आता तक्रारी. एका बॅचला पन्नासेक माणसं घेतात, ती निम्मी करा, अरुंद बोळात मागच्यांना काहीच ऐकू येत नाही आणि तो छोटा स्पीकर नुसता खरखरतो. दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पिंजारघाट आणि बडी दर्ग्याकडे वॉक वळतच नाही. या गावाचं नाव एकेकाळी गुलशनाबाद होतं, तिकडच्या घरांतल्या आज्या-चाचा बोलल्याशिवाय जुनं नाशिक अर्धंच राहतं. वाड्यांमधल्या बायकाही कमीच बोलताना दिसल्या, सगळीकडे काकाच पुढे. आणि प्लीज, वाड्याच्या चौकात शिरताना आधी विचारा, तिथे लोक राहतात, कुणाचा स्वयंपाक चाललेला असतो.

तरी पाचपैकी चार देईन. कॉलेज रोड, गंगापूर रोडसारख्या नव्या भागात वाढलेल्या पोरांना आवर्जून न्या, माझ्या भाचीला रहाड हा शब्दच माहीत नव्हता. साधी चप्पल नको, घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात. नाश्ता करून जा, मध्ये फक्त चहा मिळतो. जमलं तर रंगपंचमीच्या आसपासची बॅच धरा, ओंडके काढायला सुरुवात झालेली असेल तर काकांना पाय आपटायची गरज पडणार नाही, रहाड डोळ्यांनीच दिसेल.