कोकण किनारपट्टीचं गाइडबुक: दिवाळीपासून आषाढापर्यंत वापरल्यावर

माझा सगळा जन्म चिपळुणात गेला, तरी दाभोळच्या खाडीपलीकडचं आणि जयगडच्या खाडीखालचं कोकण मला परकंच होतं. हे बहुतेक कोकणवासीयांचं आहे. गुहागरचा माणूस देवगडला लग्नकार्य असेल तरच जातो. अलिबागकराला मुंबई जवळची, वेंगुर्लं लांबचं. किनारा एकच, पण मध्ये इतक्या खाड्या की प्रत्येक तालुका आपापल्या पाण्यात. म्हणून गेल्या दिवाळीत, घरच्यांनी "आपल्याच मुलखात फिरायला पुस्तक कशाला?" म्हटलं तरी, मी रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्याचं एक मराठी गाइडबुक विकत घेतलं. तेव्हापासून शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना ते सतत सोबत आहे. नाव लिहीत नाही. दुकानात शेजारी ठेवलेली दुसरी पुस्तकंही चाळली होती, घडण सगळ्यांची सारखीच. इथे लिहिलेलं बहुतेक त्यांनाही लागू पडेल.

आधी जे मनापासून आवडलं ते. या पुस्तकाने किनारा तालुक्यांत न तोडता खाड्यांच्या क्रमाने मांडलाय. कोकणात फिरणाऱ्याला याची किती गरज असते ते नकाशावर कळत नाही. मोबाइल तुम्हाला सरळ महामार्गावर काढतो आणि दापोलीहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा वळसा दाखवतो. पुस्तक फेरीबोटीने नेतं: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. उत्तरेकडून खाली उतरताना या चार जेट्ट्या लागोपाठ धरल्या की मुरुड-जंजिऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत समुद्र उजव्या हाताला ठेवूनच जाता येतं. गाडी बोटीवर चढवायची, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. हा एक धागा हातात आल्यावर सगळा किनारा मला पहिल्यांदा सलग दिसला.

दुसरं म्हणजे हे पुस्तक थांबायला लावतं. दाभोळच्या जेट्टीवरून मी लहानपणापासून जात-येत आलेय. बोट सुटायची घाई असते, लक्ष रांगेकडे असतं. जेट्टीपासून जवळच आदिलशाही काळातली, काळ्या दगडाची, एका मोठ्या घुमटाची मशीद आहे. एक बोट सोडून दिली आणि आत गेले. पुढची कमान, तिच्यावरचं कोरीवकाम, बाजूच्या पायऱ्या हे सगळं बघताना पुस्तकातला मजकूर पुन्हा वाचला: एके काळी इथून घोडे, कापड, मसाले यांचा व्यापार चालायचा, दाभोळचं नाव परदेशी प्रवाशांच्या तोंडी असायचं. तसंच रेवदंड्याचं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात. ही पानं मी प्रत्येक प्रवासाच्या आदल्या रात्री वाचत आलेय आणि त्यांनी माझी वाट दर वेळी अडवली, चांगल्या अर्थाने.

आता खरी अडचण. या पुस्तकाला 'कुठे' उत्तम कळतं, 'कधी' अजिबात कळत नाही. कोकण किनाऱ्यावर निम्मी गोष्ट 'कधी'ची असते.

हेदवीचं उदाहरण घ्या. दशभुजा गणेशाचं दर्शन झालं की सगळे खाली समुद्रावर बामणघळ बघायला जातात. खडकातली अरुंद भेग, तिच्यात लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. पुस्तकात लिहिलंय, 'सायंकाळी भेट द्यावी, सूर्यास्त नयनरम्य.' आम्ही पौर्णिमेच्या दिवशी सव्वापाचला पोचलो. घळ कोरडी, तळाशी जेमतेम पाणी. वाटेवर कोकम सरबत विकणाऱ्या काकूंना विचारलं, "काकू, पाणी उडत नाही का हल्ली?" त्या म्हणाल्या, "उडतं ना गो. पण आज पुनव. अकरा-बाराला यायचं होतं. आता सुकती लागली, आता काय दिसणार? उद्या दुपारच्या आत या." सुकती म्हणजे ओहोटी. दुसऱ्या दिवशी साडेअकराला गेलो. लाट आत शिरताना आधी एक खोल, दबका आवाज येतो, मग क्षणभर काही नाही, आणि मग पांढरा फवारा डोक्यावरून वर जातो. वाऱ्याने तो तोंडावर येतो, चष्मा खारट होतो. एकच जागा, एक दिवस रिकामी आणि दुसऱ्या दिवशी अशी.

समुद्रकाठच्या प्रत्येक घरात ठाऊक असलेला हिशेब पुस्तकात एका ओळीत बसला असता. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येते ती भरतीची सुमारे वेळ. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं की भरती मोठी तशी ओहोटीही खोल, आणि अष्टमीच्या आगेमागे भांग असतो तेव्हा पाणी पुरतं ओसरत नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जायचं असेल तर सगळं यावरच. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा तर भरतीच्या वेळी जिवावर बेतते. तिथे पुस्तकाने नुसतं 'काळजी घ्यावी' म्हणणं मला पटलेलं नाही. पाणी कधी चढतं ते सांगायला हवं होतं. मी आता पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हा हिशेब लिहून ठेवलाय आणि आत कालनिर्णयचं चालू महिन्याचं पान दुमडून ठेवते. त्या दिवसापासून पुस्तकाची किंमत माझ्यासाठी दुप्पट झाली.

समुद्रासारखंच माणसांच्या वेळेचं. वेळासच्या कासवांबद्दल पुस्तक म्हणतं 'फेब्रुवारी ते एप्रिल'. आमच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, त्यामुळे हे पान मी अगदी बारकाईने वाचलं. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि ते वाळूच्या उबेवर ठरतं. तीन महिन्यांत कुठलाही शनिवार धरून गेलात तर घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली नुसती वाळू बघून परत येण्याची शक्यता भरपूर. आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या वहिनींनी फोनवरच सांगितलं, "ताई, या आठवड्यात पिल्लं यायची नाहीत बहुतेक. मी गुरुवारी कळवते." त्यांनी कळवलं, आम्ही गेलो, सकाळी सातला पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिली. पुस्तकाने वेळासला पोचवलं, पिल्लं वहिनींनी दाखवली.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला तर ठरलेली तिथीच नसते. देवीचा कौल घेऊन गाव तारीख ठरवतं आणि मग ती बातमी मुंबईपर्यंत जाते. पुस्तकाने छापलेला 'फेब्रुवारी' हा शब्द चुकीचा नाही, पण त्यावर रजा टाकता येत नाही. शिमग्यातही तेच. एरवी ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन दर्शन होतं, पण पालखीला रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लावली की देव घरोघरी निघतात. त्या दिवसांत देवळात जाऊन उभं राहण्यापेक्षा "पालखी आज कुठल्या वाडीत?" हे विचारावं. हे मला कोकणातली म्हणून माहीत होतं. पुण्याहून येणाऱ्याला कोण सांगणार?

जेवणाची प्रकरणं मी भराभर उलटली. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे एकच 'कोकणी थाळी' लिहून मोकळे झालेत. गुहागर-दापोलीकडे घरगुती जेवण हवं तर सकाळीच माणसं किती ते सांगावं लागतं, आयत्या वेळी पान मिळत नाही. मालवणात बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळ हा मसाला असतो, आणि त्याचा वास एकदा घेतला की आमच्याकडचं कालवण आणि तिकडचं यांत गल्लत होत नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची आशा धरू नये. यातलं काहीच पुस्तकात नाही.

चुका थोड्या आहेत, पण एक मोठी. विजयदुर्गच्या पानावर लिहिलंय की १८६८ साली इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांनी किल्ल्यातल्या 'साहेबाच्या ओट्या'वरून खग्रास ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याचा वर्णपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच तपासला. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, भली मोठी तुकडी आणि दुर्बिणी घेऊन. ही गोष्ट इतकी सुंदर आहे की तिला चुकीच्या तारखेची गरजच नाही. हेलियमचं नाव जगाला देणारा माणूस तीस वर्षांनी आपल्या किल्ल्यावर उभा राहून पुन्हा सूर्याकडे बघत होता, हे मुलांना खरं सांगता येईल. गावात १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, त्या उत्साहाला याने काही बाधा येत नाही. मी पानाच्या कडेला पेन्सिलीने दोन्ही तारखा लिहिल्यात.

सगळ्यात जास्त राग आला तो कातळशिल्पांना दिलेल्या अर्ध्या पानाचा. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी अशी ठिकाणं. पुस्तकात कशेळीसाठी फक्त 'गावाजवळ सड्यावर', म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एवढंच. कनकादित्याच्या देवळापर्यंत नीट पोचलो, पुढे गुरांमागे निघालेल्या एका आजोबांनी काठीने दिशा दाखवली आणि वर म्हणाले, "वहाणा काढून जा हां, रेघांवर पाय देऊ नका." जांभ्याच्या उघड्या कातळावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा. पायाशी उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात. सोंडेपासून शेपटीकडे कडेकडेने चालत गेलो तेव्हा आकार हळूहळू जुळत आला, आणि मग त्याच्या पोटात आणखी चित्रं दिसायला लागली: जलचर, पक्षी, चार पायांची जनावरं, एकमेकांना लागून. आम्ही उन्हं कलल्यावर गेलो होतो म्हणून हे दिसलं. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात खाचांना सावली नसते आणि रेघा कातळात विरून जातात. पुन्हा तेच, 'कधी'. पुढच्या आवृत्तीत समुद्रकिनाऱ्यांची दहा-बारा पानं कमी करून या सड्यांना द्यावीत असं मला फार वाटतं. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी इथे बसून केलेलं हे काम आहे, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते अजून पाहिलेलंही नाही.

बाकीचं थोडक्यात. दुमडलेला नकाशा छान, खाड्या आणि जेट्ट्या स्पष्ट, पण घड्यांवर फाटतो. मी मागून पारदर्शक पट्टी लावली. रेंज नसते तिथे हाच कामाला येतो, आणि किनाऱ्याच्या उतरणीवर रेंज जातेच. बांधणी शिवलेली आहे, पानं सुटली नाहीत. पाऊस सुरू झाल्यावर मात्र चकचकीत पानं एकमेकांना चिकटायला लागली, पुस्तकाच्या पाठीवरच्या कापडावर बुरशी धरली. पिशवीत घालून ठेवा. एसटीचं प्रकरण म्हणजे डेपोंचे फोन, त्यातले निम्मे लागत नाहीत. वस्तीच्या गाडीचा उल्लेखच नाही. संध्याकाळी आडगावात जाऊन मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी ही गाडी नसेल तर स्वतःचं वाहन नसलेल्या माणसाला अर्धा किनारा बंद. सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे मात्र ठळक चौकटीत दिलंय, त्याबद्दल आभार.

पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा येणाऱ्याने घ्यावं, आणि माझ्यासारख्या इथल्याने तर नक्कीच घ्यावं, कारण आपल्या दोन खाड्यांपलीकडे आपणही नवखेच असतो. किमतीत मला काही गैर वाटलं नाही. फक्त दुकानात पैसे देण्याआधी दोन पानं उघडून पाहा. एक विजयदुर्गचं: तिथे १८९८ आहे का बघा. दुसरं दिवेआगरचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि नव्या पोफळीला फळ धरायला बरीच वर्षं जातात. पुस्तकात अजून वादळाआधीच्या गर्द वाडीचा फोटो आणि तोच मजकूर असेल, तर आवृत्तीचं साल काहीही छापलेलं असो, आतला मजकूर जुना आहे. दुकानदाराला दुसरी प्रत दाखवायला सांगा.