ट्विनिंग, टीमिंग, ईआरए चेअर्स की हॉप-ऑन : कुठे अर्ज करावा?

'होरायझन युरोप' हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ चा संशोधन कार्यक्रम, सुरुवातीला सुमारे ९५.५ अब्ज युरोंचा. त्यातला मोठा वाटा पश्चिमेकडच्या जुन्या, बळकट संस्थांकडे जातो. म्हणून पोर्तुगालपासून रोमानियापर्यंतच्या संशोधनात मागे राहिलेल्या १५ सदस्य देशांसाठी त्यात खास योजना आहेत: टीमिंग, ट्विनिंग, ईआरए (युरोपीय संशोधन क्षेत्र) चेअर्स आणि हॉप-ऑन. अशा देशातल्या संस्थेने रकमेच्या मोहात न पडता आपल्याकडे नेमकं काय कमी आहे, हे आधी पाहावं.

सर्वांत मोठी रक्कम टीमिंगची. नवं उत्कृष्टता केंद्र उभारायला किंवा जुनं सुधारायला ८० लाख ते दीड कोटी युरो मिळतात. सायप्रस विद्यापीठाचं किऑस केंद्र लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या साथीने असंच वाढलं, स्लोव्हेनियातल्या इझोला इथलं इनोरिन्यू हे संशोधन केंद्रही याच वाटेने उभं राहिलं. पण संघ देईल किमान तेवढीच रक्कम देशातून उभी करावी लागते आणि गाडी अडते ती इथेच. इमारत, उपकरणं यांचा खर्च मुख्यतः याच पैशातून व्हायचा असतो. हे पूरक पैसे उशिरा आल्याने केंद्रं रखडल्याचं संघाचा जमाखर्च तपासणाऱ्या युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०२२ च्या अहवालात नोंदवलं आहे. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सरकारची ठोस, लेखी हमी हातात नसेल तर टीमिंगच्या अर्जात माणसांचे महिने घालवू नका. मंत्री बदलला की तोंडी आश्वासन संपतं, नेमलेले तरुण संशोधक मात्र अधांतरी राहतात.

ट्विनिंगची रक्कम त्या मानाने लहान, साधारण १५ लाख युरोंपर्यंत. निदान दोन वेगळ्या देशांतल्या पुढारलेल्या संस्था सोबत घ्याव्या लागतात. पैसा जातो तो मुख्यतः भेटी, प्रशिक्षण, उन्हाळी शाळा यांवर. प्रत्यक्ष संशोधनाला ३० टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. प्रयोगशाळेला हे अपुरं वाटेल. तरीही पहिलाच अर्ज असेल तर मी ट्विनिंगच सुचवेन, कारण प्रकल्पाचं नेतृत्व तुमच्याच संस्थेकडे राहतं. हिशेब, अहवाल, करार सांभाळणारं कार्यालय या कामातून तयार होतं, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला त्याचा आधार मिळतो.

विभाग चांगला आहे, पण त्याला दिशा देणारं माणूस नाही, अशा ठिकाणी ईआरए चेअर्स; यातून एखादा नावाजलेला संशोधक बाहेरून आणता येतो. २५ लाख युरोंपर्यंत निधी, पाच वर्षांपर्यंत मुदत. बाहेरून येणाऱ्या त्या संशोधकाला माणसं निवडण्याचे आणि पैसे खर्च करण्याचे खरे अधिकार द्यायची संस्थेची तयारी हवी.

हॉप-ऑनमध्ये चालू प्रकल्पात नवा भागीदार म्हणून शिरता येतं. त्यासाठी सहा लाख युरोंपर्यंत मिळतात, तेही थेट संशोधनाला. मात्र मूळ भागीदारांची संमती लागते आणि त्यांच्यात आधीपासून या मागे राहिलेल्या देशांतलं कुणी असून चालत नाही. ओळख नसलेल्या गटाला हे दार उघडणं अवघड आहे. परदेशात शिकून परतलेला एखादा सहकारी जुन्या प्रयोगशाळेच्या संपर्कात असेल, तर आधी त्याच्याशी बोला.