उमेशू, युझुशू, मोमोशू: वर्षभर घरात ठेवल्यानंतर

‘फार गोड आहे गं’ ही उमेशूबद्दल (उमे या फळाच्या गोड जपानी दारूबद्दल) भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याची पहिली तक्रार. ती खोटी नाही. शंभर मिलिलिटरमागे सुमारे 20 ग्रॅम साखर असते. टोकियोतल्या आमच्या फ्रीजमध्ये वर्षभर एखादी बाटली असतेच, आणि एवढ्या वापरानंतर माझं मत झालंय की ही काही न मिसळता पिण्याची गोष्टच नव्हे. कशात आणि किती मिसळता, त्यावर सगळं आहे.

उमे हे फळ जर्दाळूच्या जवळचं. हिरवं असताना दात आंबतील इतकं आंबट, आणि कच्चं खायचं नसतंच. जपानमधलं निम्म्याहून जास्त पीक एकट्या वाकायामा प्रांतात येतं. तिथल्या मिनाबे आणि तानाबे भागातली ‘नान्को’ जात सगळ्यात नावाजलेली. हे फळ बियांसकट दारूत मुरतं, म्हणून चांगल्या उमेशूत आंबटगोडाच्या मागे कडू बदामाचा हलका वास येतो. तो नसेल तर मी दुसरी बाटली आणत नाही.

बाटली घेताना पुढचं चित्र सोडा, मागचं लेबल वाचा. ‘होन्काकु उमेशू’ असं लिहिलं असेल तर आत उमे, साखर आणि दारू एवढंच. वरून आम्ल, रंग, सुगंध काही नाही. उत्पादक संघटनेने 2015 मध्ये हा नियम ठरवला. स्वस्तातला एक खोकाही आणून पाहिला होता, तो लिमलेटच्या गोळीसारखा लागला. शेवटी सगळा स्वयंपाकात संपवला. सहज मिळणाऱ्यांत चोया बरी. ओसाकाजवळ 1914 मध्ये द्राक्षाच्या मळ्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी 1959 पासून उमेशू करते.

आता पिण्याबद्दल. उन्हाळ्यात एक भाग उमेशू, दोन भाग साधा सोडा, भरपूर बर्फ. गोड सोडा किंवा टॉनिक नको, आधीच साखर कमी नाही. कांदाभजीबरोबर हे इतकं जमतं की बिअर मागे पडते. नुसत्या बर्फावर प्यायची तर एकच मोठा खडा घ्या आणि घाई करू नका. अर्धा विरघळल्यावर खरी चव लागते. पण माझी आवडती पद्धत थंडीतली: कपात आधी गरम पाणी (उकळतं नाही) आणि मग तेवढीच उमेशू. वाफेबरोबर वास वर येतो, गोडी बोथट होते. दुधात घालणारेही आहेत. आंबटपणाने दूध दाटतं. मला नाही झेपलं.

युझुशू म्हणजे युझु या लिंबाच्या भाऊबंदाची. बरीचशी साके या तांदळाच्या जपानी दारूत केलेली असते आणि साधारण सात-आठ टक्क्यांची, म्हणजे उमेशूपेक्षा सौम्य. मात्र तिचा सगळा जीव वासात, आणि तो फार टिकत नाही. उघडली की फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. उमेशूला एवढी घाई नसते.

मोमोशू, म्हणजे पीचची, मी पुन्हा घेणार नाही. गर घातलेली, दाट, हलवून ओतावी लागणारी. पहिला घोट छान, तिसऱ्याला कंटाळा. जेवणानंतर व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर ओता, तेवढ्यापुरती उत्तम.

जूनमध्ये सुपरमार्केटात हिरवी उमे, खडीसाखर, काचेची बरणी आणि 35 टक्क्यांची ‘व्हाइट लिकर’ ही बिनरंगाची, बिनवासाची दारू एकाच जागी मांडलेली असते. घरी करायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त मूळ दारू 20 टक्क्यांहून कमी नको, द्राक्षं वापरायची नाहीत आणि विकायची नाही. किलोभर उमे धुऊन अगदी कोरडी करा, देठाचा काळा ठिपका काडीने काढा, मग पाऊण किलो खडीसाखरेबरोबर थर लावून 1.8 लिटर दारू ओता. खडीसाखर हळू विरघळते, म्हणून फळातला रस सावकाश बाहेर येतो. तीन महिन्यांनी पिता येते, पण तेव्हा दारूचा तिखटपणा जाणवतो. वर्षभर थांबलेली बरणी पूर्ण वेगळी. आणि गोडी आपल्या हातात राहते, हा विकतच्या बाटलीवरचा मोठा फायदा. तळाची सुरकुतलेली फळं चिरून मी चक्क्यात घालते. मुलांना मात्र ती द्यायची नाहीत, दारू त्यांच्यातही भरपूर उतरलेली असते.

भारतात नेणाऱ्यांसाठी: माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त नेता येते. त्यात 720 मिलिच्या दोन बाटल्या आरामात बसतात. दोन्ही उमेशूच्या घ्या.